गुडघ्याखालचा मामला

विजार घालणाऱ्या पुरुषाचा बूट हा बहुतांशी पडदानशीन असतो. चालताना त्याचे नाक तेवढे पुढे डोकावते, मालक खुर्चीवर बसला म्हणजे घोट्यालगतचा थोडा भाग उघडा पडतो, आणि एरवी त्याची उंची, त्याच्या नाड्यांची बांधणी, त्याच्या मागच्या शिवणीचा वाकडेपणा, इतकेच काय पण वर्षानुवर्षांच्या वापराने चामड्याला पडलेल्या सुरकुत्यासुद्धा विजारीच्या कापडाखाली सुखेनैव झाकून जातात. स्कॉटलंडच्या किल्टपाशी ही दयाबुद्धी नाही. त्याची किनार गुडघ्याच्या वाटीपाशीच थांबते. तिच्याखाली उघडे गुडघे, त्यांच्याखाली दोन-तीन बोटांचे अंतर राखून दुमडलेले जाड लोकरी मोजे, आणि सर्वांच्या तळाशी, देवळाच्या खांबाला तळखडा असावा तसा, हा बूट चहूबाजूंनी उघडा उभा असतो. पाठीमागे निऱ्या घातलेल्या आठ वारी किल्टचे वजन दोन किलोच्या घरात जाते, आणि एवढे वस्त्र कमरेवर झुलत असताना पायात नाजूक, पातळ तळाचा बूट असला म्हणजे मोठ्या वाड्याला काडीचे खांब दिल्यासारखे दिसते.

तथापि किल्टखाली बूट हा मूळचा शिरस्ता नव्हे. हायलँड्स या डोंगरी मुलखाचे अस्सल पादत्राण म्हणजे ब्रोग, आणि या गेलिक शब्दाचा अर्थ निव्वळ ‘जोडा’ एवढाच आहे. १५४३ च्या सुमारास जॉन एल्डर या हायलँडी पाद्र्याने इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला जे पत्र धाडले, त्यात त्याने आपल्या देशबांधवांची पादत्राणे घडविण्याची रीत मोठ्या प्रांजळपणे वर्णिली आहे : शिकारीत हरिण मारावे, त्याचे कातडे सोलावे, त्याच्या आतल्या अंगावर उघडे पाऊल ठेवून घोट्यापर्यंत पोचेल एवढा तुकडा बेतावा, त्याच्या वरच्या भागाला भोके पाडावीत, आणि त्याच कातड्याच्या वादीने तो घोट्यावर आवळून घ्यावा. कुशल मोची मिळत नाही म्हणून आम्हीच मोची होतो, असे तो राजाला नम्रपणे कळवितो. यातली भोके ही वाचकाने विशेष लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे. ती शोभेसाठी पाडलेली नव्हती. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट म्हणून पाडलेली होती. आज मुंबईतला एखादा वकील कचेरीत जाताना ज्या नक्षीदार ब्रोग बुटांवरच्या टिकल्या-टिकल्यांची छिद्रे मिरवतो, ती त्याच भोकांची वंशज होत. फरक एवढाच की, ती आता आरपार जात नाहीत.

ओल्या भूमीवर चालणाऱ्या माणसापुढे दोनच मार्ग असतात. एक, पाणी आत येणारच हे गृहीत धरून त्याला जायलाही मोकळीक द्यावी; दुसरा, त्याला उंबऱ्याबाहेरच थोपवून धरावे. कोकणातला शेतकरी चिखलणीच्या दिवसांत वहाणा बांधावर काढून ठेवून अनवाणी शेतात उतरतो, तो पहिल्या मार्गाचा. जुना हायलँडीही त्याच पंथाचा होता. बूट हा दुसऱ्या मार्गाचा अभिमानी आहे, आणि या अभिमानाची किल्टखाली कठोर परीक्षा होते. कारण पावसाचे पाणी किल्टच्या किनारीवरून गुडघ्यावर निथळते, पोटरीवरून मोज्यात मुरते आणि मोज्याच्या लोकरीचा आधार घेत सावकाश बुटाच्या गळ्यातून आत उतरते. विजारवाल्याच्या बुटावर हल्ला बाहेरून होतो. किल्टवाल्याच्या बुटात शत्रू वेशीतूनच राजरोस आत शिरतो. याचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, ज्या बुटाच्या आत कृत्रिम जलरोधक पटल बसविले आहे म्हणून त्याची किंमत चढविली जाते, तो बूट येथे फारसा उपकारक नाही. आत उतरलेले पाणी त्या पटलामुळे आतच कोंडून राहते आणि बूट वाळायला दोन-दोन दिवस घेतो. जाड, तेल पाजलेले, पण श्वास घेणारे चामडेच या कामी खरे.

डोंगरी ब्रोगची जागा बुटाने घेतली ती मुख्यतः पलटणीच्या वाटेने. हायलँड्समध्ये ब्रिटिश राजसत्तेविरुद्ध उठलेले १७४५ चे बंड मोडल्यावर सरकारने १७४६ साली जो कायदा केला, त्याने हायलँडच्या पुरुषांस किल्ट नेसण्याची मनाई झाली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांची कैद, दुसऱ्यास सात वर्षांची काळ्या पाण्यासारखी हद्दपारी. मौज अशी की, ज्या सरकारने रयतेला ही बंदी घातली, त्याच सरकारच्या फौजेत नोकरी पत्करणाऱ्या हायलँडरला मात्र तोच पोशाख करण्याची मुभा होती. १७८२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत किल्ट जिवंत ठेवला तो लष्करी तैनातीने, आणि लष्कराच्या सरंजामाबरोबर बकलांचे जोडे, पांढरी घोटेपट्टी आणि अखेरीस खिळे ठोकलेला दणकट बूट असे एकेक करून त्याच्या पायाशी आले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत उतरलेल्या हायलँडी पलटणींच्या पायांत हे बूटच होते. चिखलाने जड झालेली आणि थंडीने गोठलेली किल्टची किनार सैनिकांच्या गुडघ्यांमागची कातडी कापीत असे, अशी त्या वेळची तक्रार आहे. १९४० च्या फ्रान्समधील मोहिमेनंतर किल्ट रणांगणातून जवळजवळ निवृत्त झाला, पण तोवर किल्टखाली बूट शोभतो की नाही, या वादाचा निकाल लागून गेलेला होता.

या खिळेबंद बुटाला स्कॉटलंडच्या बोलीत ‘टॅकेटी’ बूट म्हणतात. टॅकेट म्हणजे तळाला ठोकायचा रुंद डोक्याचा खिळा. गवताळ चढावर हे खिळे मातीत रुततात, दगडी फरसबंदीवर मात्र ठिणग्या उडवीत माणसाला साष्टांग नमस्कार घालायला लावतात. १९३५ साली आल्प्स पर्वतात अपुऱ्या पादत्राणांमुळे सहा गिर्यारोहक गारठून मेले, तेव्हा त्यांच्या चमूबरोबर असलेल्या विताले ब्रामानी या इटालियन गृहस्थाने खिळ्यांऐवजी खोल खाचांचा रबरी तळ योजला. त्याच्या नावातली आद्याक्षरे जुळवून झालेला ‘विब्राम’ हा शब्द आज पुष्कळ बुटांच्या तळावर कोरलेला सापडतो. उलट हायलँडी खेळांच्या जत्रेत लोखंडी हातोडा फेकणारे धिप्पाड गडी किल्टखाली असे बूट घालतात की, ज्यांच्या टोकांतून पोलादाचे पाते पुढे आलेले असते. हातोडा डोक्यावरून गरगर फिरवताना पायाखालची जमीन सुटू नये म्हणून ते हे पाते हिरवळीत खुपसून उभे राहतात. किल्टखालच्या बुटाचे इतके रांगडे दर्शन दुसरीकडे कुठे घडत नाही, आणि शहरात ते घडू नये हेच बरे.

आता टिकाऊपणाचा मुद्दा. तो मला एका फजितीतून नीट उमगला, आणि ती फजिती माझ्या भाच्याची आहे. तो अॅबरडीनला अभियंता म्हणून नोकरीस असतो. तिथल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला त्याने किल्ट भाड्याने आणला, तिकडे ही पद्धत सर्रास आहे, आणि पायांत मात्र स्वतःचेच बूट चढविले. सहा वर्षांपूर्वी घेतलेले, जेमतेम तीन-चार वेळा वापरलेले, खोक्यात कागदात गुंडाळून जपलेले, दिसायला नवेकोरे. रात्री ‘केली’ म्हणजे सामुदायिक नाच सुरू झाला. त्यात ‘स्ट्रिप द विलो’ नावाचा एक प्रकार असतो, ज्यात माणसे एकमेकांना हाताने गरगर फिरवीत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात. त्या गडबडीत त्याच्या पायाखाली काहीतरी चुरचुरू लागले. “मामा, तुम्हांला काय सांगू,” तो मला नंतर म्हणाला, “मी जिथे जाईन तिथे माझ्या मागून काळ्या रव्याची रांगोळी पडत होती. नवरीच्या आजीने झाडू मागवला, तेव्हा मला कळले की तो माझा तळ आहे.”

बुटात खोट होती असे म्हणावे, तर ती त्या एका बुटाची नव्हे, एका साऱ्या बांधणीची आहे. पॉलियुरेथेन नावाच्या फेसाळ द्रव्याचे तळ वजनाला हलके आणि पायाला मऊ असतात. परंतु हवेतल्या दमटपणाशी त्याचा रासायनिक संयोग होऊन ते आतून कुजत जाते, आणि वापरात नसलेल्या, खोक्यात कोंडलेल्या बुटाला ही कूज वापरातल्या बुटाहून लवकर गाठते. किल्टवाल्याची गोची नेमकी इथेच आहे. रोज किल्ट नेसणारे पुरुष थोडे. लग्न, वर्षअखेरची रात्र, एखादा खेळमेळावा, अशा वर्षातून चार प्रसंगी नेसणारेच फार. म्हणजे ज्याचा बूट सर्वांत कमी झिजतो, त्याच्याच पायाखालचा बूट न झिजता नाहीसा होण्याचा संभव अधिक. तेव्हा खरेदीच्या वेळी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा तो तळ कशाचा आहे हा, आणि दुसरा, तो वर चिकटवला आहे की शिवला आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे त्याच भाच्याबरोबर एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात डोळ्यांनी पाहिले. भाच्याचे बूट त्याने हातात घेतले, अंगठ्याने तळाचा एक कण उचकटला आणि मान हलवून ते परत केले; त्याच्या लेखी ती दुरुस्तीची वस्तूच नव्हती. मग आमच्या चेहऱ्यांवरची निराशा पाहून की काय, त्याने फळीवरून दुसरा एक जोड काढला. काळपट तपकिरी, नाकाशी ओरखडलेला, कुणातरी शेतकऱ्याचा. तो त्याने मांडीवर उपडा घेतला, रापीने तळाच्या कडेचे टाके एकेक करून तोडले, आणि चिमट्याने धरून जुना तळ केळीच्या सालीसारखा सोलून काढला. बुटाच्या वरच्या चामड्याला धक्काही लागला नाही. त्याचे कारण असे की, वरचे चामडे आणि आतला तळ यांना सभोवार एक चामडी पट्टी शिवलेली असते. बाहेरचा तळ त्या पट्टीला, दुसऱ्या स्वतंत्र शिवणीने जोडलेला असतो. बाहेरची शिवण तोडली, की तळ सुटतो. आतली शिवण जागेवर राहते. हे काम हाताने फार पूर्वीपासून चालत आलेले आहे; १८७० च्या सुमारास चार्ल्स गुडइयर धाकटे यांनी ते यंत्रावर आणले, म्हणून बाजारात ‘गुडइयर वेल्ट’ असे नाव रूढ झाले. रबर पक्के करण्याची कृती शोधणाऱ्या गुडइयरांचे हे चिरंजीव. बापाने रबर दिले आणि मुलाने ते शिवण्याची सोय केली, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

तळ सुटल्यावर आत बुचाच्या भुग्याचा थर दिसला. त्या थरात पाऊल उमटलेले होते : टाचेचा गोल खळगा, बाहेरच्या कडेची फुगीर रेघ, आणि पुढे अंगठ्याचा व त्याच्या शेजारच्या बोटाचा असे दोन स्वच्छ ठसे. मालकाच्या वजनाने, वर्षानुवर्षे, तो भुगा दाबला जाऊन त्याच्या पावलाचा साचा होऊन बसला होता. नवा जोडा चावतो, जुना चावत नाही, ही आपली रोजची समजूत. तिचे उगमस्थान असे बोटाने दाखविता येईल असे मला तोवर वाटले नव्हते. म्हाताऱ्याने फाटके कोपरे खरवडून तेवढ्यापुरता नवा भुगा भरला, पण मधल्या ठशाला हात लावला नाही.

चामड्याविषयी थोडक्यात. जनावराच्या कातड्याचा सर्वांत वरचा पापुद्रा घट्ट विणीचा असतो, आणि तो शाबूत ठेवलेले चामडेच दीर्घायुषी ठरते. डाग आणि ओरखडे लपविण्यासाठी हा पापुद्रा घासून काढून त्यावर रंगाचा लेप चढविलेले चामडे दुकानात जास्त चकचकीत दिसते, पण वाकण्याच्या जागी त्याचे लेप फुटतात. परीक्षा सोपी आहे : बुटाच्या बाजूवर अंगठा दाबावा, बारीक, पसरट सुरकुत्या उमटल्या तर चामडे जिवंत, आणि प्लास्टिकच्या कागदासारखी एकच ताठ घडी पडली तर तो लेप. जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. याच ओघात एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ब्रिटनच्या कातडे कमावण्याच्या कारखान्यांत ओकच्या सालीबरोबर आपल्याकडचा हिरडा शतकभर मोठ्या प्रमाणावर जात असे, आणि तिथल्या व्यापारी याद्यांत हिरड्याच्या एका प्रतीचे नावच मुळी ‘विंगोर्ला’ म्हणजे आपले वेंगुर्ले असे होते. तेव्हा त्या काळच्या एखाद्या हायलँडी सोजिराच्या बुटाला सह्याद्रीच्या हिरड्याचा रस लागलेला असण्यात नवल नाही.

उंचीचा प्रश्न डोळ्यांचा आहे तसाच पोटरीचाही आहे. सहा ते आठ इंचांचा, म्हणजे घोट्याच्या वर चार बोटे जाणारा बूट बेताचा. त्याहून उंच गेला की, तो पोटरीच्या ऐन फुगवट्यावर आडवी रेघ मारतो, आणि मोज्याची दुमड, उघडा गुडघा व बुटाचा काठ अशा तीन आडव्या रेघांनी पाय लाकडाच्या ओंडक्यासारखा तुकडे पाडल्यागत दिसू लागतो. झटपट नाड्या अडकविण्यासाठी वरच्या भागाला लोखंडी आकडे असलेले बूट विजारीखाली सोयीचे. किल्टखाली तेच आकडे चालताना दुसऱ्या पायाच्या लोकरी मोज्याला अडकून त्याचे धागे ओढतात. म्हणून शेवटपर्यंत साध्या छिद्रांचाच बूट पाहावा, मग तो बांधायला दोन मिनिटे जास्त लागली तरी चालेल. नाड्यांची बांधणी उघडी असावी, म्हणजे जिचे दोन्ही पदर वरून मोकळे शिवलेले आहेत अशी. व्हिक्टोरिया राणीच्या राजवाड्याच्या नावाने ओळखली जाणारी बॅल्मोरल बांधणी दिसायला अधिक देखणी आहे हे खरे, पण जाड मोजा आणि संध्याकाळी सुजलेले पाऊल या दोघांना सामावून घेण्याइतकी ती उदार नाही.

माप घेताना तो जाड मोजा बरोबर न्यावा, आणि शक्यतो दिवस उतरणीला लागल्यावर जावे. इंग्रजी मापातला एकेक अंक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, आणि हा हिस्सा म्हणजे सातूच्या एका दाण्याची लांबी. आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुल मानीत. त्यांनी दाणा उभा धरला, आपण आडवा, एवढेच. मोज्यासाठी अर्धा अंक मोठा घ्यावा, पूर्ण अंक नको. कारण मोठ्या बुटात टाच उचलली जाते आणि टाच उचलली गेली की मोजा तिथेच आधी फाटतो. बूट न बांधता पाऊल पुढे सरकवले असता टाचेमागे एक बोट जावे, हे जुने माप अजून कुणी खोटे पाडलेले नाही.

रंगाबद्दल तिकडे जो काथ्याकूट चालतो त्यात मला फारसा रस नाही. खडबडीत ट्वीडच्या कोटाखाली तपकिरी, काळ्या कोटाखाली काळा. रात्रीच्या राजेशाही भोजनाला चांदीच्या गुंड्यांचा आखूड कोट घालून जायचे असेल तर मात्र बूट घरी ठेवावा आणि घोट्याभोवती लांब नाड्या गुंडाळायचा, जीभ नसलेला घिली ब्रोगच घालावा. अमेरिकेत सिएटल येथे २००० साली काहींनी जाड सुती कापडाचे, खिसेवाले कामकरी किल्ट शिवून विकायला सुरुवात केली, आणि त्यांच्याखाली कारागिरांचे अवजड बूट व घोट्यावर चुरगळून पडलेले मोजे ही एक नवीनच परंपरा निर्माण केली. स्कॉटलंडमधले कर्मठ तिच्याकडे नाक मुरडून पाहतात. मला ती प्रामाणिक वाटते. बूट दिसणारच आहे, तर तो काम करताना का दिसू नये!

भिजलेला बूट शेकोटीपाशी ठेवणे म्हणजे त्याच्या मरणाची तजवीज करणे होय. चामड्यातले तेल आटते आणि वाकण्याच्या जागी ते तडकते. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते ओले झाले की बदलावेत, आणि बूट पुरता वाळल्यावर चरबी व तेल यांचे डबिन नावाचे मलम बोटांनी चोळावे. एक जोड सलग दोन दिवस घालू नये.

भाच्याने शेवटी शिवलेल्या तळाचा एक जोड घेतला. पहिले पंधरा दिवस तो त्याने संध्याकाळी घरातच, जाड मोज्यांवर, अर्धा-अर्धा तास घातला, आणि त्याच्या बायकोच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरात पाऊल टाकण्यापूर्वी काढला. दोन वर्षांनी टाच डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने तिरकी झिजली, तेव्हा त्याच म्हाताऱ्याने तिला अर्धचंद्राकृती लोखंडी नाल ठोकून दिली. आता जिना उतरताना तिचा खणखण आवाज होतो, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याबद्दल चिठ्ठी लिहून दारात अडकवली आहे, असे त्याने परवाच कळविले.